टेरियरचं पिल्लू पहिल्यांदा शेतावर नेताना

गावी कडब्याची गंजी उलगडायच्या दिवशी काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. वरच्या पेंढ्या निघेपर्यंत सगळं शांत असतं, तळाचे दोन थर राहिले की एकदम उंदरांची पळापळ सुरू होते, पोरं काठ्या घेऊन उभी आणि वस्तीवरची कुत्री अशी टपून बसलेली की बघत राहावं. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, गेली बारा वर्षं इंग्लंडच्या अगदी उत्तरेला नॉर्थम्बरलंडमध्ये राहतो, आणि इथे हेच काम टेरियर नावाची छोटी कुत्री करतात. कडब्याच्या जागी गव्हाच्या काडाचे मोठाले गठ्ठे असतात, गोठ्यात म्हशींच्या जागी डुकरं असतात, बाकी उंदीर तेच आणि त्यांचा शेतकऱ्याला होणारा त्रासही तोच. विष टाकलं की विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि तेही मरतं, म्हणून इथले बरेच शेतकरी कुत्री घेऊन येणाऱ्या माणसांना आनंदाने बोलावतात, पैसे कुणी देत घेत नाही, चहा मात्र मिळतो.

माझ्याकडे दोन बॉर्डर टेरियर आहेत. टिप्या नऊ वर्षांचा, चिंगी तीनची. टिप्याच्या वेळी मी घाई केली आणि त्याची किंमत त्याने वर्षभर मोजली, ते पुढे सांगतोच. चिंगीच्या वेळी शेजारच्या एका म्हाताऱ्या गेमकीपरने, म्हणजे शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या माणसाने, मला हाताला धरून शिकवलं, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांचंच आहे. हल्ली इथे राहणारी दोन-तीन मराठी कुटुंबं टेरियर घेऊन बसलीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की याला कामाला कधी न्यायचं. माझं उत्तर असं की शेतावर लवकर न्या, उंदरावर उशिरा सोडा, आणि या दोन्हीच्या मधले जे पाच-सहा महिने आहेत त्यातच कुत्रा घडतो.

पिल्लू घेताना

टेरियर हा शब्दच लॅटिनमधल्या माती या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे जमिनीत, बिळात शिरणारा कुत्रा. त्यामुळे छाती अरुंद असणं महत्त्वाचं. इथली जुनी माणसं खांद्यामागून दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून बघतात, अंगठे आणि बोटं आरामात भिडली तर ठीक. बॉर्डर, लेकलंड, पॅटरडेल, जॅक रसेल, कुठलंही घ्या, पण आईबाप कामाचे आहेत ना ते स्वतः जाऊन बघा, प्रदर्शनातले कप बघू नका. बॉर्डर ही जात १९२० साली केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, मान्य केली तरी अजून बरीचशी कामाचीच राहिलीय, स्वभावाने मऊ पण उशिरा समज येणारी. पॅटरडेल आणि रसेल लवकर पेटतात. नवीन माणसाला मी बॉर्डर सांगेन कारण तो तुम्हाला चुका सुधारायला वेळ देतो.

आधी कायदा, मग कुत्रा

हे कंटाळवाणं वाटेल पण वाचाच, कारण आपण बाहेरून आलेली माणसं आहोत आणि इथल्या गावात आपलं नाव एकदा खराब झालं की परत कुणी फाटक उघडत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हंटिंग अ‍ॅक्ट २००४ लागू आहे, १८ फेब्रुवारी २००५ पासून. कुत्र्यांनी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करणं बंद, पण उंदीर आणि रॅबिट यांना सूट आहे, तेही जमीन तुमची असेल किंवा मालकाची परवानगी असेल तरच. परवानगी लेखी घ्या, मोबाईलवर मेसेज असला तरी चालेल पण असू द्या. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, २०२३ चा, आणि तो जास्त कडक आहे, तेव्हा सीमेपलीकडे गेलात तर इथलं गृहीत धरू नका.

आता यात आपल्या लोकांची एक हमखास गडबड होते. मराठीत आपण सगळ्याला ससाच म्हणतो. इथे रॅबिट वेगळा आणि हेअर वेगळा, आणि हेअरमागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे. आपल्याकडे रानात माळावर दिसतो तो ससा खरं तर हेअरच. ओळखायचं सोपं आहे, रॅबिट बिळात वसाहत करून राहतो, लहान असतो, पळताना शेपटीचा पांढरा गोंडा चमकतो. हेअर मोठा, लांब पायांचा, कानाची टोकं काळी, बीळ करत नाही, उघड्या रानात नुसत्या खळग्यात बसून राहतो आणि पायात आला तरी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. असा उठला की कुठलंही पिल्लू वेडं होऊन मागे पळणार. म्हणून मोकळ्या रानात पहिलं वर्षभर पिल्लू लांब दोरीवरच.

मायक्रोचिप तर २०१६ पासून सक्तीचीच आहे, आठ आठवड्यांच्या आत. ती महत्त्वाची यासाठी की काटेरी झुडपात किंवा गठ्ठ्यांच्या फटीत काम करताना आपण गळ्यातला पट्टा काढून ठेवतो, अडकून फास बसू नये म्हणून, मग चिप हीच काय ती ओळख उरते.

आठ आठवडे ते चार महिने: नुसतं बघू द्यायचं

पिल्लू घरी आलं की पहिली लस होते, दुसरी तीन-चार आठवड्यांनी. यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस आहे ना हे विचारून घ्या, आणि एल-४ म्हणतात ती मागा, ती जास्त प्रकारांवर चालते. मुंबई-कोकणातल्या माणसाला लेप्टो समजावून सांगायची गरज नाही, पावसाळ्यात पाण्यातून चालताना आपण ज्याला घाबरतो तेच हे, उंदराच्या मुतातून येतं. उंदरावर काम करणाऱ्या कुत्र्याला ही लस दरवर्षी द्यायची, एकही वर्ष चुकवायचं नाही.

लसी पूर्ण होईस्तोवर जमिनीवर सोडायचं नाही पण उचलून न्यायला काय हरकत आहे. मी चिंगीला जॅकेटमध्ये घालून, नुसतं तोंड बाहेर, शेतावर न्यायचो. ट्रॅक्टरचा आवाज, क्वाड बाईक, पत्र्यावर पडणारा पाऊस, डुकरांची किंचाळी, फावडं आपटल्याचा आवाज, हे सगळं तिने माझ्या छातीशी बसून ऐकलं. साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं, तेव्हा जे ऐकलं बघितलं ते पुढे आयुष्यभर साधं वाटतं, नंतर तेच शिकवायला दहापट वेळ जातो.

आणि हाक. यू यू म्हणून बोलवा, शिट्टी मारा, काहीही करा पण एकच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. मी अ‍ॅक्मी कंपनीची २१०.५ शिट्टी वापरतो, हरवली तरी दुसरी त्याच सुरात मिळते हा तिचा फायदा. जेवणाचा वाडगा खाली ठेवताना दोन छोट्या शिट्ट्या, रोज, दोन्ही वेळेला. महिनाभरात पिल्लू झोपेतूनही उठून येतं. मग बागेत, मग रस्त्यावर दोरी लावून, मग शेतात. टेरियरच्या बाबतीत खरं सांगतो, नाकात उंदराचा वास गेला की कुठलीही शिट्टी त्याला ऐकू येत नाही, पण वास यायच्या आधीच्या दोन सेकंदात ऐकू यायला हवी, आणि ती दोन सेकंदं या दिवसात कमवायची असतात. एक पक्कं ध्यानात ठेवा, शिट्टी मारून बोलावलं आणि पिल्लू उशिरा आलं तर रागवायचं नाही, कितीही वेळ लागला असला तरी आल्यावर कौतुकच करायचं, नाहीतर पुढच्या वेळी ते येणारच नाही.

चार ते सात महिने: कशाला हात लावायचा नाही

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नवी माणसं नेमका हाच गाळतात, कारण यात थरार काही नाही. पिल्लाला काय मारायचं हे शिकवावं लागत नाही, ते रक्तात असतं. काय मारायचं नाही हेच शिकवावं लागतं, आणि ते उंदीर दाखवायच्या आधी.

कोंबड्यांपासून सुरुवात करा. खुराड्याच्या जाळीबाहेर पिल्लू दोरीवर घेऊन बसायचं, खुर्ची न्या, चहा न्या, अर्धा तास बसा. ते जाळीकडे झेपावलं की "सोड" एवढंच शांत आवाजात, दोरी नुसती धरून ठेवायची, ओढायची नाही, आणि ते तुमच्याकडे वळलं की लगेच खाऊ. चौथ्या पाचव्या दिवशी ते कंटाळून झोपतं. कोंबड्या समोर फडफडतायत आणि पिल्लू झोपलंय, हे झालं की जाळीच्या आत, परत दोरीवर, परत तेच.

मेंढ्या हा इथला सर्वात नाजूक विषय. १९५३ पासून कायदा आहे की कुत्र्याने मेंढ्यांचा पाठलाग केला तर मालक गुन्हेगार, आणि दुसरा काही इलाज नसेल तेव्हा शेतकऱ्याने कुत्रा गोळी घालून मारला तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. चावायलाच पाहिजे असं नाही, नुसतं पळवलं तरी गाभण मेंढी गाभडते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, कोकरं होतात तेव्हा, पिल्लू घेऊन मेंढ्यांच्या आसपास जायचंच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरला जा, शेतकऱ्याला विचारून, दहा मीटर दोरीवर, आणि मेंढ्यांकडे न बघता कुंपणाच्या कडेने चालत राहा. मेंढी थांबून पाय आपटते तेव्हा पिल्लू पण थबकतं, ते त्याला आयुष्यभर लक्षात राहतं. मोठा मेंढा अंगावर सोडून कुत्र्याला धडा शिकवायचा असा एक जुना प्रकार आहे, तो करू नका, पिल्लाची बरगडी मोडू शकते.

गाईंचं वेगळं. वासरू असलेली गाय कुत्र्यावर येते आणि दोरी तुमच्या हातात म्हणजे तुमच्यावर येते. आली तर दोरी सोडून द्या, कुत्रं गाईपेक्षा जोरात पळतं, तुम्ही नाही. हे वाचायला सोपं वाटतं पण आपल्याला गाय म्हणजे गरीब अशी सवय असते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

विजेच्या कुंपणाची तार पिल्लाच्या ओल्या नाकाला लागली तर जबर झटका बसतो. तो झटका कशाचा हे त्याला कळत नाही, त्या क्षणी जे समोर होतं त्याचीच भीती बसते, कधी मेंढीची, कधी तुमची. शेतावर गेल्या गेल्या तार चालू आहे का विचारा आणि तिथून उचलून न्या.

ज्यांना पुढे रॅबिटसाठी फेरेट वापरायचेत, म्हणजे मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी जो बिळात सोडतात, त्यांनी याच दिवसात पिंजऱ्यातला फेरेट रोज दाखवावा, कोंबड्यांसारखंच.

दात आणि टिप्याची गोष्ट

चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात. या काळात हिरड्या दुखतात. टिप्या पाच महिन्यांचा असताना एका शेतावर गठ्ठे हलवत होते, सगळे म्हणाले घेऊन ये, बघू दे, आणि मी नेला, वर दोरी पण सोडली. एक जुना, चांगला मोठा उंदीर भिंतीच्या कडेने आला, टिप्याने धरला, पण हलत्या दाताने पकड बसेना, उंदीर वळला आणि त्याने टिप्याचा वरचा ओठ धरला आणि सोडलाच नाही. ते पिल्लू जे ओरडलं ते अजून माझ्या कानात आहे. जखम आठवड्यात भरली. पण त्यानंतर पुढचं जवळजवळ वर्षभर टिप्या उंदीर दिसला की दोन पावलं मागे जाऊन नुसता भुंकायचा, आणि लोक म्हणायचे याच्यात दम नाही. दम होता, मी वेळेआधी मोडला होता. आज तो शांतपणे, न भुंकता काम करतो पण ते परत आणायला दोन हिवाळे गेले.

तेव्हा पक्के दात पूर्ण येईपर्यंत जिवंत उंदीर नाही म्हणजे नाही. दोरीला रॅबिटचं वाळवलेलं कातडं बांधून अंगणात ओढा, पाठलाग करू दे, पकडू दे, दोन मिनिटं, मग ठेवून द्या. रस्सीखेच खेळू नका, नवे दात दुखावू शकतात आणि पकडलेलं न सोडायची सवय लागते. आणि कुणी सांगेल की पिंजऱ्यात पकडलेला उंदीर पिल्लापुढे सोडा, तसं कधीही करू नका. पकडलेला प्राणी २००६ च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टखाली येतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते क्रूर आहे, कोंडलेला उंदीर जिवावर उदार होऊन चावतो आणि पिल्लू काही शिकत नाही.

शेतावर पोचल्यावर आधी तुम्ही फिरून या

पिल्लू गाडीत ठेवा आणि शेतकऱ्याबरोबर एक चक्कर मारा. पहिला प्रश्न विषाचा. गेल्या काही आठवड्यात कुठे विष टाकलंय, कुठलं, डबे कुठे आहेत. इथलं उंदराचं विष बहुतेक रक्त गोठू न देणारं असतं, आणि त्याची लक्षणं कुत्र्यात लगेच नाही तर तीन ते पाच दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, खोकला येतो, कुठेतरी निळे डाग दिसतात. औषध आहे, व्हिटॅमिन के-१, पण वेळेत व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, पोचलं तर. विष चालू असेल तर त्या दिवशी पिल्लू नाही, निरोप घेऊन घरी. शेतकऱ्याला वाईट वाटत नाही, उलट तो पुढच्या वेळी आधीच फोन करून सांगतो.

दुसरं, शेणाचा हौद, स्लरी म्हणतात ते. वरून साय धरलेली असते, जमिनीसारखी दिसते, पिल्लू सरळ चालत जातं आणि आत जातं. त्यातून विषारी वायू येतो, त्याला काढायला माणूस उतरला तर माणूसही जातो, हे इथे घडलेलं आहे. कुंपण नसलेला हौद असेल तर पिल्लू त्या बाजूला दोरीशिवाय अजिबात नाही.

बाकी टेकवून ठेवलेले पत्रे, पॅलेटची चळत, प्लास्टिकची सुतळी, हे डोळ्याखालून घाला. उंच गठ्ठ्यावरून पिल्लाला उडी मारू देऊ नका, वर्षाचं होईपर्यंत हाडांची वाढ चालू असते, उचलून खाली ठेवा.

आणि माणसं. खरं सांगू का, मी आजवर उंदरामुळे जखमी झालेली कुत्री जेवढी पाहिलीत त्यापेक्षा जास्त फावड्याने आणि काठीने जखमी झालेली पाहिलीत. उंदीर पळाला की माणूस भान हरपून हाणतो आणि तिथेच कुत्र्याचं डोकं येतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी मोठ्याने सांगायचं, पिल्लू आहे, कुणीही काठी उगारायची नाही, सुटला तर सुटू द्या. नवीन असलात, परके असलात तरी सांगायचं. जे ऐकत नाहीत त्यांच्यात पिल्लू घेऊन थांबू नका.

पहिला दिवस

ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. पिकं निघालेली असतात, थंडी पडते आणि उंदीर रानातून गोठ्यात, कोठारात येतात. पिल्लू सात-आठ महिन्यांचं, दात पक्के, हाकेला येणारं. बरोबर एकच जाणता कुत्रा हवा, आणि तो शांत असावा. पाच-सहा कुत्र्यांच्या गोंधळात पिल्लू फक्त भुंकायला आणि भांडायला शिकतं, एका उंदराला दोन कुत्री दोन्हीकडून ओढतात आणि तिथून आयुष्यभराचं वैर लागतं.

चिंगीचा पहिला दिवस सांगतो. सात महिने पूर्ण, नोव्हेंबरमधली सकाळ, गवतावर दव गोठलेलं. डुकरांच्या गोठ्यामागे काडाचे गठ्ठे रचलेले, शेतकरी मशीनने एकेक उचलत होता. मी चिंगीला दोरीवर घेऊन पंधरा पावलांवर भिंतीला पाठ लावून उभा. टिप्या गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर एक पाय उचलून, मान किंचित वाकडी, कान फटीकडे. तो ज्या बाजूला बघत होता तिकडेच चिंगी बघायला लागली, हे मला आधी कळलं नाही, तिची दोरी हातात थरथरायला लागली तेव्हा कळलं. गठ्ठा उचलला, तीन उंदीर निघाले, टिप्याने एक धरला, एकच झटका, टाकला, दुसरा धरला, तिसरा गेला. चिंगी भुंकली नाही. फक्त हुंकारासारखा बारीक आवाज, आणि अंगभर कापरं, ते थंडीचं नव्हतं. आणखी दोन गठ्ठे झाले. मग मेलेला एक उंदीर तिला हुंगू दिला, दोरीवरच, तिने नाक लावलं, मागे झाली, परत नाक लावलं आणि पंजाने उलटा केला.

एवढंच. वीस मिनिटं झाली होती, गठ्ठे अजून अर्धे बाकी होते, आणि मी तिला गाडीत ठेवली. ती गाडीत रडत होती, तरीही. म्हाताऱ्या गेमकीपरांचं म्हणणं असं की पिल्लाला अजून हवंय असं वाटत असतानाच थांबवायचं, दमलं, गारठलं, घाबरलं की दिवस वाया. असे दिवस मी पाच केले, वीस मिनिटं, मग अर्धा तास, दर आठवड्याला एक. पाचही दिवस दोरी सोडली नाही. पिल्लू बघून भ्यायलं, शेपटी पायात घातली, तर काहीच हरकत नाही, लांब घेऊन जा, तुम्ही खाली बसा, समजूत घालत बसू नका, गोंजारू नका, नुसते शांत बसा आणि घरी या. दोन आठवडे जाऊ द्या.

काही ठिकाणी बिळात धूर सोडतात. जुन्या चेनसॉच्या इंजिनाला नळी जोडून, गरम एक्झॉस्टवर तेल सोडून दाट पांढरा धूर बिळात ढकलायचा, मग उंदीर दुसऱ्या तोंडाने बाहेर येतात. पद्धत फार उपयोगी आहे पण आवाज कर्कश आणि धूर डोळ्यात जातो, पिल्लाला याची ओळख वेगळ्या दिवशी, लांबून, उंदीर नसताना करून द्या.

पहिला उंदीर

चिंगीला तो साडेनऊ महिन्यांची असताना मिळाला. जागा बघून ठेवली होती, दोन भिंतींमधली सिमेंटची पट्टी, अडगळ नाही, आणि टिप्याला मुद्दाम गाडीत ठेवलं. अर्धवट वाढलेला उंदीर, वीतभर, कडेने आला. दोनदा तिच्या तोंडातून हुकला. तिसऱ्यांदा तिने मधोमध धरला आणि मान झटकली, दोन-तीन वेळा, कुणी न शिकवता, आणि मग टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मी हळू आवाजात "शाब्बास चिंगे" म्हणालो, बस. ओरडायचं नाही, टाळ्या नाहीत, "छू छू" तर कधीच नाही, पेटलेल्या कुत्र्याला आणखी पेटवलं की ते डोक्याने काम करायचं सोडतं. तोंडातला उंदीर ओढून घेऊ नका, खाऊ दाखवून सोडवून घ्या, नाहीतर पुढे पकडलेलं घेऊन लांब पळतं.

त्या दिवशी आणखी दोन होऊ दिले आणि बंद केलं. त्यानंतर तिला टिप्याबरोबर सोडायला सुरुवात केली, आधी दहा मिनिटं, मग जास्त. पहिल्या पूर्ण हिवाळ्यात आठ-दहा दिवस पुरे झाले.

झुडपं, बिळं आणि बॅजर

वर्षाच्या आसपास काटेरी झुडपात रॅबिट उठवायला नेऊ शकता. काट्यांची सवय कोवळ्या झुडपापासून लावा, आत खाऊ टाकून. बरोबर बंदूक असेल तर आवाज आधी शे-दीडशे मीटरवरून, जेवणाच्या वेळी, आणि आठवड्यागणिक थोडा जवळ.

जमिनीखाली मात्र पिल्लू जाऊ देऊ नका. त्यातही बॅजरच्या, म्हणजे तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेल्या, बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्याच्या, बिळापासून कोसभर लांब. १९९२ चा वेगळा कायदा आहे, त्यात कुत्रा सोडणं आणि बीळ खणणं दोन्ही गुन्हे आहेत. बॅजरच्या बिळाचं तोंड रुंद असतं, आडव्या पाडलेल्या इंग्रजी डी अक्षरासारखं, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि त्यात जुनं वाळलेलं गवत मिसळलेलं, जवळपास छोट्या खड्ड्यात विष्ठा. असं दिसलं की दोरी लावून माघारी. पिल्लू चुकून आत गेलंच तर खणायला लागू नका, सगळ्यांना लांब करा, शांत बसून वाट बघा, बहुतेक वेळा आपसूक बाहेर येतं, आणि नाही आलं तर प्राणी संस्थेला फोन करा.

घरी आल्यावर

कोमट पाण्याने धुवा, तोंड आणि पाय आधी. डोळ्यात काडाचा भुसा असतो, सलाईनने धुवा, बोटाने काढू नका. बोटांच्या बेचक्या, काखा, कान बघा, उन्हाळ्याच्या शेवटी गवताची कुसळं कातडीत शिरतात आणि आत आत जातात. गोचीड असेल तर हुकने फिरवून काढा. उंदराचा चावा दिसायला टाचणीएवढा असतो पण खोल जातो, पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीनने धुवा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत ओठ उलटून बघा, सुजलं असेल तर व्हेट. तासभराने जेवण.

स्वतःचं पण बघा. हातमोजे घाला, हातावर ओरखडा असेल तर पट्टी लावा, हात धुतल्याशिवाय त्या शेतकऱ्याचा चहा सुद्धा नको. दोन-तीन आठवड्यात थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरला आपणहून सांगा की उंदरांमध्ये काम केलंय, इथल्या डॉक्टरच्या डोक्यात लेप्टो पटकन येत नाही.

चिंगी त्या पहिल्या उंदराच्या दिवशी घरी येऊन जेवली नाही, टॉवेलमध्ये गुंडाळल्या गुंडाळल्या झोपली आणि झोपेत रात्रभर पाय हलवत होती. सकाळी मी बूट हातात घेतले तर दारात जाऊन उभी.